आधी लागणारा वेळ

“अंगानं एवढा थोरला, आन् डोक्यात काय ऱ्हात न्हाई मेल्याच्या.”

मी टेबलाखाली होते. गुडघ्यांवर बसून, तोंडात स्क्रू ड्रायव्हर धरून मागच्या वायरी सोडवत होते. हौसाबाईला ते ठाऊक नव्हतं. खोलीत आपण आणि तो संगणक असे दोघंच आहोत असं समजून ती त्याच्याशी बोलत होती. रोजच बोलायची. मला तिच्या भेगाळलेल्या टाचा दिसत होत्या आणि टेबलाच्या कडेवरून लोंबणारं तिचं फडकं. हिरवं, अंगठ्याएवढा काठ असलेलं.

“माझा सासरा आसाच हुता,” ती पडदा पुसत म्हणाली. “जेवून हात वाळला न्हाई तवर म्हनायचा, वाढा. पर त्यानं कुनाला बुडवलं न्हाई.”

मी खोकायला हवं होतं. निदान हाक तरी मारायला हवी होती. तोंडात स्क्रू ड्रायव्हर होता, हे कारण मी पुढं बरीच वर्षं स्वतःला देत आले.

दारात बूट वाजले. “कुंदाताई कुठायत?” वाघचौरे साहेबांनी विचारलं.

“न्हाई दिसल्या.”

“इथं आहे साहेब,” मी खालून म्हणाले.

हौसाबाई दचकली. वाकून तिनं टेबलाखाली पाहिलं. तिचं उघडं कपाळ माझ्या तोंडासमोर आलं. “आवो बया! कवाधरनं हितं बसलाय तुमी?”

“आत्ताच.”

तिनं माझ्याकडं जरा जास्तच वेळ पाहिलं. मग “च्या ठेवते” म्हणत ती मागच्या पडवीत गेली. फडकं तिनं जाताना खांद्यावर टाकलं.

बोरजाईच्या धरणावर आमचं हे एवढंसं ऑफिस होतं. दोन खोल्या, मागं पडवी, समोर भिंत आणि भिंतीपलीकडं पाणी. पावसाळ्याचे चार महिने धरणाची पातळी दर तासाला तालुक्याला कळवायची, आणि दरवाजे उघडायचे असले की आधी निरोप धाडायचा. ते काम माझं. संगणक मला कुणी शिकवला नव्हता. खात्यानं मशीन दिलं, बरोबर इंग्रजी पुस्तक दिलं आणि शिकवायला येणारा माणूस आलाच नाही. मी टायपिस्ट होते. पुस्तकातली चित्रं बघून, मशीन उघडून, पुन्हा लावून, दोनदा झटका खाऊन शिकले. घरी आमचे हे म्हणायचे, हिला शिलाई मशीन आणि संगणक यातला फरकच कळत नाही, दोन्हीला तेलच घालते. पण तालुक्यातली चार ऑफिसं मशीन अडलं की मलाच बोलवायची.

तर त्या वर्षी नोव्हेंबरात माझ्याकडं काम आलं ते आमच्याच मशीनचं. वरून कागद आला होता: ‘सदर संगणक जुना व संथ असल्याने संदेशास विलंब झाला. तरी त्याची मेमरी वाढवून, वाढवण्यापूर्वी व वाढवल्यानंतर संदेश पाठवण्यास लागणारा वेळ नमूद करून दाखला सादर करावा.’ चौकशीत माणसं तीन होती आणि मशीन एक. दोषी मशीन ठरलं. शिक्षा काय, तर मेमरी तिप्पट.

साहेबांनी दार लोटलं. “झालं का?”

“आता उघडते. मेमरीची जुनी पट्टी चौसष्ट एमबीची आहे. शेजारी एकशे अठ्ठावीसची बसते.”

“बसेल ना? बाहेरच्या माणसाला बोलवायला नको मला. बाहेरचा माणूस दहा ठिकाणी बघतो, पाच प्रश्न विचारतो.”

“बसेल.”

“मग हे घ्या.” त्यांनी दाखल्याचा कागद टेबलावर ठेवला. त्यात दोन रकाने होते. आधी लागणारा वेळ. नंतर लागणारा वेळ. खाली माझी सही. “नंतरचा काय येईल तो लिहा. आधीच्यात पंचवीस मिनिटं लिहा.”

“आधीचा मी सकाळीच मोजला, साहेब. उघडायच्या आधी.”

“किती आला?”

“वीस सेकंद.”

साहेब खुर्चीच्या पाठीला धरून उभे राहिले. चांगला माणूस होता. बायको आजारी असायची, स्वतः भाजी चिरून ऑफिसला यायचा, बोटांना कायम मेथीचा वास. त्या बोटांनी त्यांनी तो कागद सरळ केला.

“आज वीस सेकंद आला,” ते हळूच म्हणाले. “त्या दिवशी पंचवीस मिनिटं लागली. तसं आपण तिघांनी लिहून दिलंय. मी, तुम्ही, जालिंदर. आता एकट्याचं बदलून चालेल का?”

जालिंदर तेवढ्यात आला होता. तो आमचा गेटवाला, दरवाजे वरखाली करणारा. दाराशी उकिडवा बसला होता, नखानं जमीन उकरत. सप्टेंबरपासून तो कुणाशी बोलत नव्हता.

मी संगणकाच्या डब्याचा बाजूचा पत्रा काढला. आत तीन पावसाळ्यांची धूळ होती, आणि एका कोपऱ्यात पालीचं अंड्याचं टरफल.

सप्टेंबरातलं काय ते सांगते. या गोष्टीला आता एकोणीस वर्षं झाली, तरी सांगताना मी अजून उलट्या बाजूनं सुरुवात करते.

धरण भरलं की जलपूजन करायची आमच्याकडं पद्धत. पाण्याची ओटी भरायची. साडी, खण, नारळ, हळदकुंकू, आणि मग दरवाजा फूटभर उचलून पाणी सोडायचं. त्या वर्षी धरण चार वर्षांनी भरलं होतं, त्यामुळं मोठे पाहुणे येणार होते. अकरा वाजता पूजा, साडेअकराला दरवाजा. साडी मीच तालुक्याहून आणली होती. निरोप मी सव्वानऊला लिहून तयार ठेवला: ‘सकाळी ११.३० वाजता विसर्ग सुरू होईल, नदीकाठच्या लोकांनी सावध राहावे.’ निरोप तालुक्याला पोचला की तिथून खालच्या गावच्या पोलीस पाटलाला फोन जायचा. पाटील फरशीवर, म्हणजे नदीच्या बुटक्या पुलावर, साखळी लावायचा. त्याचं घर फरशीला लागूनच. दरवाजाच्या अर्धा तास आधी आमच्याकडून तीनदा भोंगा. अशी सगळी रीत होती, आणि ती बारा वर्षं चुकली नव्हती.

निरोप दहाला पाठवू म्हणून मी थांबले होते. फार आधी गेला की तालुक्यातला पोरगेला कारकून तो वाचून बाजूला ठेवायचा, म्हणून. पाहुणे मात्र साडेनवालाच आले. त्यांना पुढं दुसरीकडं जायचं होतं.

“कुंदाताई, चला!” साहेब धावत आले. “सुवासीण हवी ओटीला. बायकांत तुम्हीच आहात.”

बायकांत मी एकटीच नव्हते. माझ्या खुर्चीशेजारी हौसाबाई जमीन पुसत होती. तिच्या कपाळावरचं कुंकू माझ्यापेक्षा मोठं होतं, रुपयाएवढं. पण झाडणारीच्या हातून नदीची ओटी भरायची हे साहेबांच्या मनात आलं नाही, आणि खोटं कशाला बोलू, माझ्याही नाही आलं. मी पदर नीट केला.

“बाई, ह्यो चालूच ठिवू का?” तिनं पडद्याकडं बोट दाखवत विचारलं.

“राहू दे. हात लावू नकोस त्याला,” मी म्हणाले आणि गेले.

धरणाच्या भिंतीवर बेंजो वाजत होता. मी ओटी भरली. हिरवी साडी पाण्यावर पसरली, जराशी फिरली आणि खाली ओढली गेली, कारण दरवाजा उचलला गेला होता. पाहुण्यांनी हात वर केला, साहेबांनी रुमाल हलवला, जालिंदरनं कळ फिरवली. भोंगा आधी का नाही वाजवला, असं कुणी नंतर विचारलं तर काय सांगणार? मंत्र चालू होते.

हौसाबाईचा नवरा गेनू म्हैस घेऊन फरशी ओलांडत होता. रोज त्याच वेळी ओलांडायचा. भोंगा नाही म्हणजे पाणी नाही, एवढं त्याला पक्कं माहीत होतं. म्हैस पोहून काठाला लागली. गेनू दोन दिवसांनी वळणावर सापडला.

ऑफिसात परत आलो तेव्हा तालुक्याहून फोन वाजत होता. खालून ओरड आली होती. साहेबांनी विचारलं, “निरोप गेला होता ना?” आणि कुणीतरी म्हणालं, “मशीन हँग झालंय.” कुणीतरी म्हणालं, आणि तिघांनीही ते उचललं. बुडत्याला काडी म्हणतात, तशी.

निरोप गेल्याची वेळ दहा वाजून पाच मिनिटं, म्हणजे आम्ही परतल्यावरची. दरवाजा नऊ-चाळीसला. मधली पंचवीस मिनिटं मशीनच्या नावावर लिहिली गेली.

तेव्हापासून हौसाबाई त्या मशीनला रोज पुसायची. शिव्या द्यायची आणि पुसायची. तेराव्यानंतर ती कामावर आली त्या पहिल्या दिवशी मी म्हणाले, “हौसाबाई, हे टेबल मी पुसत जाईन.” तर म्हणाली, “आसू द्या बाई. आजारी मानसाला काय टाकून देत्यात व्हय?”

मी नवी पट्टी खाचेत बसवली. अंगठ्यांनी दाबली, दोन्ही टोकांना तिला धरून ठेवणाऱ्या पिना आत वळल्या. वायरी लावल्या. कळ दाबली.

पडदा काळाच राहिला. आणि मशीन ओरडायला लागलं.

मेमरी नीट लागली नाही की ते ओरडतं, त्याला दुसरं काही येत नाही. लांब एक आवाज, मग थांबा, मग पुन्हा लांब एक. मला ते माहीत होतं. पण त्या दोन खोल्यांत तो आवाज अगदी भोंग्यासारखा घुमला. जालिंदर ताडकन उभा राहिला. पडवीत भांडं पडलं. हौसाबाई आमच्या मधून, कुणाला न बघता, धावत बाहेर गेली आणि उताराच्या कडेला जाऊन खाली फरशीकडं पाहत उभी राहिली. दोन्ही हात वर करून ती कुणाला तरी मागं फिर म्हणत होती.

“बंद करा!” साहेब ओरडले. “कुंदाताई, बंद करा ते!”

मी कळ दाबून धरली. आवाज गेला. हौसाबाईचे हात तसेच वर राहिले, मग एकेक करून खाली आले. फरशीवर कुणीही नव्हतं. दुपारचे तीन वाजले होते, नदीला घोट्याएवढं पाणी.

ती परत आली तेव्हा तिचं तोंड ओलं होतं, पण ते चुलीच्या धुरानंही असेल. “आता वाजीवता व्हय रं?” ती कुणाला उद्देशून म्हणाली कोण जाणे. जालिंदर भिंतीकडं तोंड करून उभा राहिला.

मी पट्टी बाहेर काढली. तिच्या कडेचे पिवळे दात खोडरबरानं घासावे लागतात, म्हणजे बसलेला मळ निघतो. मी घासत बसले. हौसाबाई समोर जमिनीवर येऊन बसली आणि खांद्यावरच्या फडक्यानं तिनं तोंड पुसलं. फडकं तिनं मांडीवर पसरलं तेव्हा मला त्याचा काठ पहिल्यांदाच सबंध दिसला. हिरव्यावर राघूंची ओळ.

तालुक्याच्या दुकानात राघूंची आणि मोरांची अशा दोन साड्या होत्या. मोरांची महाग होती. राघूंची मी घेतली होती.

“हौसाबाई,” खोडरबर खाली ठेवून मी विचारलं, “हे फडकं कुठलं गं?”

“त्येंच्या अंगाला गुंडाळलेलं गावलं,” ती म्हणाली. “पोलीस म्हनले, तुजीच आसंल, घे. माजी न्हाई म्हनलं तर कुनाची म्हनून इचारत बसत्याल, म्हनून घितली. माजी हिरवी साडी कवाच न्हवती.” तिनं काठावरून बोट फिरवलं. “नेसून तर चालत न्हाई आता. म्हनलं फाडून पुसायला व्हईल.”

साहेब खिडकीबाहेर बघत होते. त्यांनी ओळखलं होतं की नाही, मला कधीच कळलं नाही.

मी पट्टी पुन्हा बसवली. या वेळी दोन्ही पिना टक्कन वाजल्या. कळ दाबली. मशीन एकदाच, बारीकसं वाजलं आणि पडदा उजळला. जे यायला चार मिनिटं लागायची ते मिनिटभरात आलं.

“वा!” साहेब म्हणाले. गरजेपेक्षा मोठ्यानं. “बघा, झपाझप! आता एकदा निरोप पाठवून वेळ घ्या, आणि सही करून टाका. मी आजच्या टपालात घालतो.”

मी ‘चाचणी’ असा निरोप लिहिला आणि मनगटावरच्या घड्याळाकडं बघत धाडला. सात सेकंद. दुसऱ्या रकान्यात लिहिलं: सात सेकंद.

“ग्येला?” हौसाबाईनं विचारलं. ती उठून माझ्या खुर्चीमागं आली होती. तिच्या अंगाला धुराचा आणि ओल्या फडक्याचा वास येत होता.

“गेला.”

“येवढ्यात?”

“एवढ्यात.”

“श्याना झाला म्हनायचा.” तिनं मशीनच्या डोक्यावर हात ठेवला, तापाचं बघतात तसा. “आन् आधी किती येळ घ्यायचा त्यो?”

“हौसाबाई, चहा उतू जाईल,” साहेब म्हणाले.

“उतरून ठिवलाय. किती येळ घ्यायचा, बाई?”

आधीचा रकाना कोरा होता. माझ्या हातात पेन होतं. साहेब माझ्याकडं बघत होते, आणि त्या नजरेत धमकी नव्हती, विनवणी होती. धमकी असती तर सोपं गेलं असतं. मी पेन कागदाला लावलं.

“वीस सेकंद,” मी म्हणाले.

“सेकंद म्हंजी?”

“एक, दोन म्हणतो ना आपण, तसा एक आकडा.”

हौसाबाई मोजायला लागली. मोठ्यानं, बोटांच्या पेरांवर, बाजारात अंडी मोजतात तसं सावकाश. एक. दोन. तीन. जालिंदरनं भिंतीकडचं तोंड वळवलं. सात. आठ. बाहेर पाणी धरणाच्या भिंतीवर आपटत होतं, रोज आपटतं तसं, फक्त मला ते इतके दिवस ऐकू येत नव्हतं. तेरा. तिला पंधराच्या पुढं अडखळायला झालं. तिनं माझ्याकडं पाहिलं. “सोळा,” मी सांगितलं. सोळा. सतरा. अठरा. एकोणीस. वीस.

तिनं शेवटच्या पेरावर अंगठा दाबून धरला.

“येवढंच?”

“हो.”

“येवढ्या येळात तर म्हस फरशीवर पाय बी टाकत न्हाई,” ती म्हणाली. मग टेबलावरच्या कागदाकडं बघून, जरा थांबून: “लोकं तर पंचवीस मिंटं म्हनत्यात. साहेब बी म्हनले हुते.”

“त्या दिवशी मशीनचं काहीतरी...” साहेब म्हणाले. “कुंदाताई, लिहा ना. सही करा आणि आटपा. हौसा, तू जा बघू पडवीत. जालिंदर, नेतोस का हिला?”

जालिंदर हलला नाही.

“म्या हितंच हुते की त्या दिशी,” हौसाबाई म्हणाली. आवाजात राग नव्हता. हरवलेली सुई शोधताना माणूस पुटपुटतं, तशी. “तुमी म्हनला, हात लावू नगंस. म्या न्हाई लावला. दिवा चालू हुता त्येचा. म्या त्येच्या म्होरंच बसले हुते बाई, तुमी येस्तवर. आन् रोज त्येला इचारते, का रं मेल्या, का न्हाई धाडलास. त्यो काय सांगतुय? त्येला येतंय व्हय बोलाया?”

फडकं तिच्या हातात होतं. राघूंची ओळ माझ्या कोपराला लागत होती.

“तुमाला येतंय,” ती म्हणाली. “तुमी सांगा.”

“कुंदाताई,” साहेब म्हणाले.

मी पेनचं टोपण लावलं.

“मशीन हँग झालं नव्हतं, हौसाबाई. ते मी खोटं सांगितलं, सगळ्यात आधी मीच. निरोप लिहून तयार होता, नुसतं बोट टेकवायचं राहिलं होतं. मी खुर्चीत नव्हते. मी नदीची ओटी भरायला गेले होते.”